नवे इअरफोन घेऊनही आवाज फिका का वाटतो? या चुका टाळा

फोनबरोबर आलेले साधे इअरफोन बाजूला ठेवून चांगल्या दर्जाचे इन-इअर, म्हणजे कानाच्या नळीत शिरणारे, इअरफोन घेणाऱ्यांच्या वाट्याला पहिल्या दिवशी पुष्कळदा निराशा येते. आवाज स्वच्छ आहे पण पोकळ आहे, डग्ग्याचा घुमारा हरवला आहे, गायकाचा स्वर पातळ झाला आहे, अशी तक्रार होते आणि मग ते परत करण्याची किंवा त्याहून महाग जोडी घेण्याची घाई सुरू होते. अनेक वर्षे अशा तक्रारी ऐकल्यावर आणि स्वतःही त्यांतून गेल्यावर माझे मत असे झाले आहे की, दोष बहुतेक वेळा इअरफोनच्या टोकापासून कानाच्या पडद्यापर्यंतच्या इवल्याशा जागेत असतो. म्हणून तपासणी कानापासून सुरू करावी, नंतर आवाजाच्या पातळीकडे आणि फोनकडे वळावे आणि नव्या खर्चाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

डब्यातून निघालेल्या इअरटिप्सवरच निर्णय देणे

ही चूक सर्वांत मोठी आहे, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो. इन-इअर इअरफोनमधला ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग, अगदी लहान असतो आणि तो फार थोडी हवा हलवू शकतो. कानाची नळी पूर्ण बंद असेल तर तेवढ्या हालचालीनेही आत दाब निर्माण होतो आणि खर्जातले स्वर भरदार ऐकू येतात. इअरटिप (इअरफोनच्या टोकावरची मऊ टोपी) आणि कानाची त्वचा यांच्यात बारीकशी फट राहिली, तरी तो दाब तिथून निसटतो. मधले आणि वरचे स्वर मात्र जवळपास तसेच पोहोचतात. परिणामी बास गायब होतो आणि उरलेला आवाज विनाकारण टोचरा वाटतो. ऐकणाऱ्याला वाटते की इअरफोनमध्ये ट्रेबल, म्हणजे वरचे स्वर, जास्त आहे. खरे तर खालचा पायाच काढून घेतलेला असतो.

इअरफोनवर आधीच बसवलेली मधल्या मापाची इअरटिप आपल्याच कानासाठी आहे असे समजून मी दोन आठवडे घालवले होते. माझ्या डाव्या कानाला उजव्यापेक्षा एक माप मोठी इअरटिप लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. दोन्ही कानांच्या नळ्या सारख्या नसणे ही सामान्य गोष्ट आहे, त्यामुळे दोन बाजूंना दोन मापे वापरण्यात काहीही वावगे नाही.

तपासण्याची रीत सोपी आहे. भरपूर खर्ज असलेले, ओळखीचे ध्वनिमुद्रण लावावे आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. दाबताच बास वाढला आणि बोट काढताच कमी झाला, तर इअरटिप नीट बसलेली नाही. त्यानंतर ५० हर्ट्‌झच्या आसपासचा एकच सलग स्वर लावून तो दोन्ही कानांत सारखा येतो का, हे पाहावे. बसवतानाही पद्धत पाळावी: विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढली की वाकडी नळी थोडी सरळ होते, तेवढ्यात इअरफोन किंचित फिरवत आत सरकवावा. फोमची इअरटिप असेल तर ती बोटांत वळून बारीक करावी, आत घालावी आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावी.

मोठे माप म्हणजे पक्की बैठक, असा समज मात्र चुकीचा आहे. फार मोठी इअरटिप नळीत शिरतच नाही, तोंडाशीच अडते आणि तासाभरात कान दुखू लागतो. इअरफोन किती खोल जातो यावरही वरच्या स्वरांची धार ठरते, कारण खोली बदलली की ८,००० हर्ट्‌झच्या आसपास येणारा अनुनादाचा उंचवटा, म्हणजे विशेष मोठा ऐकू येणारा पट्टा, जागा बदलतो. म्हणून माप, साहित्य आणि खोली या तिन्ही गोष्टी बदलून पाहिल्याशिवाय इअरफोनला नावे ठेवू नयेत. इअरफोन आत घालताना चुरचुर असा आवाज आला तर तो बहुधा बिघाड नसतो. कोंडलेल्या हवेने ड्रायव्हरचा पातळ पडदा क्षणभर दबतो, आणि हळू बसवल्यास हा त्रास कमी होतो.

वेगवेगळ्या पातळीवर तुलना करणे

जुने आणि नवे इअरफोन फोनच्या एकाच व्हॉल्यूमवर ठेवून केलेली तुलना निरुपयोगी ठरते. त्यांची संवेदनशीलता (तेवढ्याच विद्युत संकेतावर किती मोठे वाजतात ते) वेगळी असते आणि किंचित मोठा वाजणारा आवाज आपल्याला नेहमीच अधिक भरीव वाटतो. शिवाय पातळी कमी असली की कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते. म्हणून नुसत्या बोलण्याचे एखादे ध्वनिमुद्रण लावावे, दोन्ही जोड्यांवर तो आवाज सारखाच मोठा वाटेल असे व्हॉल्यूम शोधावे आणि मगच संगीत ऐकावे.

जुन्या इअरफोनची उणीव भरून काढण्यासाठी पूर्वी कधीतरी लावलेले इक्वलायझर (स्वरांचे प्रमाण बदलणारी सेटिंग) किंवा बास बूस्ट फोनमध्ये तसेच चालू राहिलेले असते, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. ते बंद करून, ओळखीच्या पाच-सहा ध्वनिमुद्रणांसह आठवडाभर ऐकावे. फुगवलेल्या बासची सवय झालेल्या कानाला समतोल आवाज सुरुवातीला रिकामा वाटणारच, आणि ही सवय सुटायला थोडे दिवस द्यावे लागतात.

आकड्यांवर भाळणे

प्रत्येक कानात किती ड्रायव्हर आहेत, यावरून दर्जा ठरत नाही. एटिमोटिक रिसर्च या कंपनीचा ईआर-४ हा इअरफोन १९९१ मध्ये आला. त्यात प्रत्येक बाजूला एकच बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (चुंबकांमध्ये हलणाऱ्या सूक्ष्म पट्टीने आवाज देणारा प्रकार) होता आणि तरीही अचूक आवाजासाठी तो नावाजला गेला. अनेक ड्रायव्हर घातले की त्यांच्यात स्वरांची वाटणी नीट करावी लागते, आणि ती बिघडली की एक भरीव ड्रायव्हरच बरा वाटतो. ४०,००० हर्ट्‌झपर्यंतच्या पल्ल्याची जाहिरातही मनावर घेऊ नये, कारण तरुण आणि निरोगी कानाची मर्यादा साधारण २०,००० हर्ट्‌झ आहे.

फोन, डोंगल आणि ॲप तपासायचे विसरणे

बहुतेक इन-इअर इअरफोन फोनवर सहज वाजतात; त्यांना ताकद कमी पडण्यापेक्षा उलटीच अडचण अधिक येते. अतिसंवेदनशील इअरफोनमध्ये गाणे थांबले असताना बारीक फुसफुस ऐकू येते, आणि ती आवाज देणाऱ्या यंत्राची, म्हणजे फोनची किंवा त्याला इअरफोन जोडणाऱ्या छोट्या अडॅप्टरची (डोंगलची), असते. दुसरी अडचण अधिक छुपी आहे. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर असलेल्या इअरफोनचा इम्पीडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध) स्वरागणिक बदलतो, आणि यंत्राचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असेल तर इअरफोनचा मूळ समतोलच ढळतो. तो इअरफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे १६ ओहमच्या इअरफोनसाठी २ ओहमपेक्षा कमी. एकच इअरफोन दोन यंत्रांवर दोन वेगळ्या स्वभावाचा वाटत असेल, तर कारण बहुधा इथेच सापडते.

ॲपमध्ये मोबाइल डेटासाठी कमी दर्जाचा पर्याय निवडलेला नाही ना, हे पाहावे. वायरलेस जोडीचा आवाज अचानक टेलिफोनसारखा झाला, तर एखाद्या ॲपने मायक्रोफोन चालू केला आहे का ते तपासावे, कारण त्या वेळी ब्लूटूथ कॉलच्या पद्धतीवर जाते आणि संगीताचा दर्जा कोसळतो. ४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड आउटपुट (डाव्या-उजव्या बाजूला वेगळ्या तारांतून आवाज देणारी जोडणी) साध्या ३.५ मिलिमीटरच्या इअरफोनला अडॅप्टर लावून जोडू नये; त्याने ॲम्प्लिफायरला इजा होऊ शकते.

एक बाजू मंद झाली की इअरफोन बिघडला असे मानणे

केबल सुटी होत असेल तर डावी-उजवी बाजू केबलच्या टोकांपाशी अदलाबदल करावी. मंदपणा दुसऱ्या कानात गेला, तर दोष केबलमध्ये, फोनमध्ये किंवा फोनच्या ध्वनी-संतुलनाच्या सेटिंगमध्ये आहे. तो त्याच कानात राहिला, तर आधी इअरटिप काढून इअरफोनच्या नळीच्या तोंडाची जाळी उजेडात पाहावी. बहुतेकदा तिथे कानातला मळ साचलेला दिसतो. इअरफोनचे तोंड खाली धरून कोरड्या, मऊ ब्रशने तो झाडावा. टाचणीने टोकरणे, पाण्याने धुणे किंवा तोंडाने फुंकणे या तिन्ही गोष्टी मळ आणि ओल आत ढकलतात.

दोन पिनांची केबल परत बसवताना एका बाजूची पिन उलटी बसली, तर दोन ड्रायव्हर परस्परविरुद्ध दिशेने हलतात. अशा वेळी मधोमध असायला हवा तो गायकाचा आवाज पसरट होतो आणि बास विरतो, तरी दोन्ही बाजू स्वतंत्रपणे ठीक वाटतात.

हरवलेला बास व्हॉल्यूमने भरून काढणे

इअरटिप सैल असताना बास कमी पडतो आणि बाहेरचा गोंगाटही आत येतो, म्हणून माणूस व्हॉल्यूम वाढवत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो; ८६ डेसिबलला तो १० तासांवर येतो. नीट बसलेले इन-इअर इअरफोन बाहेरचा आवाज मुळातच अडवतात, त्यामुळे शांत खोलीत समाधानकारक वाटणारे व्हॉल्यूम ठरवून तेच प्रवासात ठेवता येते. प्रवासात ते वाढवावेसे वाटले, तर बटणाकडे जाण्याआधी इअरटिप पुन्हा बसवून पाहावी. रस्त्यावर चालताना मात्र हाच बंदिस्तपणा धोक्याचा ठरतो, तेव्हा निदान एक कान मोकळा ठेवावा.