म्हस्कू, रवळू, केरू: घराण्यातल्या वेगळ्या नावाचा माग कसा काढावा

वंशावळ जुळवताना 'विठ्ठल' किंवा 'रामचंद्र' हाती लागला तरी पुढे सरकता येत नाही, कारण गावात तसे दहा असतात. म्हस्कू, सटवाजी, उकिरडा असं नाव आलं, तर मात्र ते घट्ट धरा. वहीत उतरवताना ते 'शुद्ध' करू नका. 'केरू'चा 'केदार' केलात की धागा तुटलाच.

आधी नाव का ठेवलं असेल ते बघा. पुष्कळ नावं दैवताची असतात. म्हस्कू म्हणजे वीरचा म्हस्कोबा, सटवाजी म्हणजे सटवाई. रवळू हे नाव रवळनाथाच्या मुलखातलं, म्हणजे तळकोकण, चंदगड, गोवा. देशावरच्या घराण्यात मध्येच एखादा रवळू निघाला, तर मूळ गाव किंवा आजोळ तिकडे शोधायला हवं. जोतीराव फुल्यांचा जन्म जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी झाला म्हणून ते नाव ठेवलं, असं सांगतात. तेव्हा नावातून कधी कधी तिथीही सापडते.

धोंडू, दगडू, केरू, उकिरडा, भिकू ही नावं वेगळी. आधीची मुलं दगावली की पुढच्याला नजर लागू नये म्हणून असं नाव ठेवत. याचा पुरावा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, गाव नमुना नं. 14 मध्ये (कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत) मिळू शकतो. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच. बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगा'. म्हणून आधी मृत्यूची पानं काढा. अंदाजे जन्मसालाच्या मागची आठ-दहा वर्षं त्याच बापाच्या नावाखाली वाचा. काही महिन्यांच्या मुलांचे दोन-तीन मृत्यू ओळीनं दिसले, तर त्यानंतरचा 'मुलगा' बहुधा तुमचा धोंडू. 'नकुशा' (म्हणजे नकोशी झालेली मुलगी) असेल तर उलट, थोरल्या बहिणींच्या जन्मनोंदी शोधा. सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये अशा 285 मुलींची नावं बदलली गेली, तेव्हा तिथे जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं पाहावी लागतात.

आजोबाचं नाव नातवाला ठेवण्याची रीत इथे फार कामी येते. एक म्हस्कू सापडला की साधारण पन्नास वर्षं मागे दुसरा शोधा. अडचण अशी की सून सासऱ्याचं नाव घेत नसे. त्यामुळे घरात तो नातू आप्पा किंवा नाना व्हायचा, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात तेच लागायचं. टिळकांचं जन्मनाव केशव, पण रूढ झालं ते 'बाळ'. म्हणून रजिस्टरात नाव मिळालं नाही, तर बापाचं नाव आणि जन्मसाल यांवरून ओळ शोधा.

जुन्या कागदात 'म्हस्कू बिन सटवाजी' असं दिसेल. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. सातबाऱ्यावरचं 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्या साली वारस लहान होता, हे त्यातून कळतं. मोडीत ह्रस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नसतात, अनुस्वारही पुष्कळदा गाळलेला असतो. 'धोंडी' हा 'धोडी' दिसला तर वेगळा माणूस समजू नका. धोंडू, धोंडी, धोंडिबा, धोंडजी हा एकच माणूस असू शकतो. बा, जी, राव, पंत बाजूला ठेवून मूळ नाव ताडून पाहा.

सगळ्यात जास्त फसगत चुलत भावांत होते. दोघांनाही एकाच आजोबाचं नाव, गावही एकच. तिथे 'बिन'च्या पुढचं नाव आणि जमीन, या दोन्ही खुणा जुळल्याशिवाय नाव वंशावळीत घालू नका. जमिनींच्या एकत्रीकरणात जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, त्यामुळे आधी जुना नंबर काढून घ्या. वारसाच्या फेरफारात (जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीत) मुली 'भ्र.' म्हणजे भ्रतार लिहून नवऱ्याच्या नावासह येतात. लग्नात नाव बदललेल्या बाईचं माहेरचं नाव तिच्या वडिलांच्या फेरफारात शोधा. 1956 च्या आधीच्या फेरफारांत मात्र मुली बहुधा नसतात.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या असतात. तिथे जाताना आडनाव, जात, गाव आणि गावाचं जुनं नाव लिहून न्या. वह्या यांवरूनच शोधल्या जातात. वेगळं नाव शेवटी सांगा, म्हणजे सापडलेलं पान तुमच्याच घराण्याचं आहे का ते त्यावरून ठरवता येईल.