टर्बो गाडी पंधरा वर्षांची झाली, आता?

येत्या जानेवारीत माझ्या गाडीच्या आरसीची, म्हणजे नोंदणीची, मुदत संपते. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १६० पीएस, सहा गिअरची मॅन्युअल, नंबर एमएच-०२ चा. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. नाव काढलं की पार्ल्यात लगेच दोन तट पडतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. मुद्दा हा, की हिच्यावर आणखी पैसे घालायचे की हिला निरोप द्यायचा. त्यात आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीय आणि नवऱ्याचं पालुपद एकच : "एखादी ऑटोमॅटिक घे आणि सोडव आम्हाला."

माझं आयुष्य ऑडिटमध्ये गेलं. त्यामुळे मी वही घेऊन बसले, आणि त्या वहीनेच मला दोन महिने भलत्या वाटेला लावलं. आधी तेच सांगते, कारण तिथे बहुतेक जण फसतात.

मी लिहिलं : बाजारात गाडीला येतील दोन लाख ऐंशी हजार. गॅरेजने कामाचा अंदाज दिलाय एक लाख साठ हजार. किमतीच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे विका. ऐकायला बिनतोड, पण असा ताळेबंद कोणी माझ्यापुढे ठेवला असता तर मी परत पाठवला असता. गाडी विकल्यावर मी पायी थोडीच फिरणार आहे? जुनीवरचा वर्षाचा खर्च आणि तिच्या जागी येणाऱ्या गाडीचा वर्षाचा खर्च, हे दोन आकडे शेजारी मांडायला हवेत. जुनीची विक्री किंमत त्यात एक किरकोळ ओळ आहे.

म्हणून तीन वर्षांची बिलं काढली. २०२३ मध्ये ६१,४०० रुपये, २०२४ मध्ये ३८,२००, २०२५ मध्ये १,१२,०००. एकूण २,११,६००. आता यातून टायर, ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड वजा करा, कारण ते नव्या गाडीलाही लागतात. ते झाले ८५,६००. उरले १,२६,०००, म्हणजे वर्षाला ४२,०००. हा झाला निव्वळ म्हातारपणाचा खर्च. टायरचं बिल या खात्यावर टाकून हळहळणारे खूप भेटतात.

समोर १८ लाखांची नवी पेट्रोल गाडी ठेवा. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला एकरकमी कर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ टक्के, त्याच्या वर १३ टक्के. १८ लाखांचे १२ टक्के म्हणजे २,१६,०००. गाडी दारात येण्याआधी, नुसत्या करात, माझ्या म्हातारीची पाच वर्षं निघतात. कर्जाचं व्याज आणि घसारा तर अजून धरलाच नाही.

इथे थांबले असते तर हा मजकूर संपला असता. पण वही नेहमी जुन्याच गाडीच्या बाजूने बोलते. तिचंच ऐकलं तर कुठलीच गाडी कधीच विकायला नको. म्हणून पैसे हा पहिला प्रश्न असला तरी निकाल दुसरीकडे लागतो.

आधी गाडी नीट करा, मग विकायचं ठरवा

हे उलटं वाटेल. विकायचीच असेल तर वर खर्च कशाला? मीही तेच म्हणत होते. दीड वर्ष मला वाटत होतं की या गाडीत आता मजा राहिली नाही. स्टिअरिंग सैल, खड्ड्यात धाडधाड, ब्रेक दाबला की नाक एका बाजूला. मनात मी ती विकूनही टाकली होती. कुर्ल्याचा माझा मेकॅनिक खाली वाकून बघून आला आणि हात पुसत म्हणाला, "ताई, इंजिनला काय नाय झालं. रबर गेलंय सगळं."

लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकॲब्सॉर्बरचे टॉप माउंट, इंजिनचं माउंटिंग. मुंबईच्या खड्ड्यांत ही रबरं किलोमीटरवर जात नाहीत, पावसाळ्यांवर जातात. चारही शॉकॲब्सॉर्बर धरून ५८,००० रुपये लागले (वरच्या १,१२,००० मध्ये ते आलेत). नंतरच्या रविवारी सकाळी सहाला वरळीहून कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हला गेले. वेगाची मर्यादा सरळ रस्त्यावर ८०, बोगद्यात ६०, त्यामुळे पराक्रम काही नाही. पण गाडी पुन्हा हाताशी बोलायला लागली होती. मी विकायला निघाले होते ती झिजलेली रबरं.

म्हणून कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी सस्पेन्शन, अलाइनमेंट आणि टायर एवढं करून घ्या. टायरवरचा चार आकडी शिक्का बघा. ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सात वर्षांचं रबर दगड झालेलं असतं, आणि वेगवान गाडी अशा टायरवर जोखणं म्हणजे सर्दीत चहाची चव सांगणं. एक महिना चालवा. तरीही कंटाळा आला तर कंटाळा खरा. मग खुशाल विका, नीट गाडीला गिऱ्हाईकही नीट मिळतं.

इंजिन विचारायचं ते थंड असताना

गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवा. तिथपर्यंत चालवत नेलेलं गरम इंजिन अर्ध्या गोष्टी लपवतं. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना शेजारी उभं राहा. टायमिंग चेन असलेल्या इंजिनात सुरुवातीचे दोन-तीन सेकंद खडखड आली तर चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर थकलाय. हे काम टाळू नका. चेन सरकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि अंदाजपत्रकाला एक शून्य वाढतं.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करून घ्या. चारही सिलिंडर जवळपास सारखे हवेत. एकच मागे असेल तर आकडा कितीही चांगला दिसो, प्रश्न विचारा. ऑइल किती पितेय ते अंदाजाने सांगू नका. डिपस्टिकवर खूण करून हजार किलोमीटर चालवा आणि किती भरावं लागलं ते मापाने मोजा. माझी २०० मिली पिते. या वयाच्या टर्बोला मी ते माफ करते. अर्ध्या लिटरच्या पुढे गेली की पिस्टन रिंग आणि टर्बोच्या सीलकडे बघावं लागतं. सिग्नलला दोन मिनिटं उभी राहून निघताना आरशात निळा धूर दिसला तर संशय टर्बोवर घ्या.

डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांचं एक वेगळं दुखणं असतं. साध्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जातं आणि ते धुतले जातात. यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्हवर काजळी साचते. गाडी उभी असताना इंजिनाची थरथर, खालून ओढ कमी. यावर उपाय अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याचा मारा, हवेच्या दाबाने. मला आधी वाटलं मेकॅनिक थट्टा करतोय. झाल्यावर ओढ परत आली. किती तरी गाड्या केवळ या काजळीपायी "इंजिन गेलं" म्हणून विकल्या गेल्या असतील.

क्लच तपासायला तिसऱ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा वर पळाला आणि गाडी मागे राहिली तर प्लेट संपली. सोबत फ्लायव्हीलही बघा, नाहीतर गिअरबॉक्स दोनदा उतरवण्याची मजुरी द्याल.

पेट्रोलचं एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणारच. त्यापेक्षा मला काळजी जुन्या रबरी पाइपांची आणि सीलची. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी जुन्या पेट्रोलवर सोडू नका. मी पाइप बदलून घेतले, फार मोठा खर्च नाही.

गंज आणि माणूस

इंजिन बदलता येतं, सांगाडा नाही. समुद्राच्या हवेत दाराच्या खालची कड, मागच्या चाकाची कमान, जॅक लावायच्या जागा आणि स्टेपनीचा खड्डा आधी सडतो. कार्पेट उचलून बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं आणि टणक आवाजाऐवजी भद्द आवाज आला तर बाकीचं काही मोजू नका, गाडी सोडा. वरवर पुटी भरून रंग मारून देणारे भरपूर आहेत. सांगाड्यावर उपाय म्हणून त्याला काडीचा अर्थ नाही.

दुसरा नकाराधिकार माझ्या मते मेकॅनिकचा. अशा गाडीला तिचे आवाज ओळखणारा माणूस लागतो. माझा साठीला आलाय आणि मुलाला या धंद्यात रस नाही. तो गावी गेला की माझं वर्षाला ४२,००० चं गणित तिथेच मोडेल, कारण पुढचा माणूस शिकताना माझ्या पैशांनी शिकेल.

सुट्या भागांची परीक्षा सोपी आहे. कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउसची दुकानं आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर, तिन्हीकडे पार्ट नंबर देऊन चार वस्तू विचारा : वॉटर पंप, क्लच किट, पुढचा दिवा, पुढची काच. पहिल्या दोन बहुधा मिळतात, कारण एकच इंजिन अनेक मॉडेलांत असतं. दिवा आणि काच तशी नसते. एका सर्व्हिस सेंटरने मला दिव्यासाठी अकरा आठवडे सांगितले आणि चौदाव्या आठवड्यात भलताच दिवा हातात ठेवला. तेव्हापासून जुना दिवा मिळाला की घेऊन माळ्यावर टाकते. नवऱ्याने माळ्याला "उपकेंद्र" नाव ठेवलंय.

कागद

दिल्लीच्या बातम्या वाचून घाबरू नका. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी तिथली, दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशाची. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरायचा. कारसाठी फी ५,००० रुपये, वर पर्यावरण कर. पीयूसी, विमा आणि नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट हवी. बाहेरचा सायलेन्सर लावला असेल तर मूळचा परत बसवा. जुन्या गाडीचा विमा स्वस्त असेल ही आशाही सोडा. १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला थर्ड पार्टीचा हप्ता वर्षाला ७,८९७ रुपये, वय काहीही असो.

मात्र जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगरातल्या पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे तपासायला समिती नेमलीय. त्यामुळे मी पाच वर्षांपलीकडचा विचार करत नाही, आणि पाच वर्षांत वसूल न होणारं काम, म्हणजे संपूर्ण रंग वगैरे, करत नाही.

तिच्या जागी कोण?

खरी वारस हवी तर २०२५ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आल्या, दोन्ही आयात केलेल्या, मोजक्याच. ऑक्टाव्हिया २६५ पीएस, एक्स-शोरूम ४९.९९ लाख. वर एकरकमी कर वेगळा. शिवाय दोन्ही फक्त ऑटोमॅटिक. माझ्या खिशाला झेपणारी म्हणजे व्हर्टस जीटी, १.५ लिटर टर्बो, १५० पीएस. चालवून बघितली. चांगली आहे, आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत सुरक्षेचे पाच तारे आहेत. नवऱ्याच्या सगळ्या मुद्द्यांत मला निरुत्तर करणारा हा एकच. रोज मुलांना मागे बसवून हायवेने जात असाल तर माझा सल्ला सरळ आहे : जुनी काढा. मी ऑफिसला लोकलने जाते, वर्षाला जेमतेम आठ हजार किलोमीटर होतात.

जुन्यातली दुसरी घेणार असाल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर, आतल्या टोकाला, चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्टही बघा. विक्रेते गालिचा बदलतात, बोल्ट विसरतात.

राहिलं पार्किंग, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेल्यानंतरचं. पूर्वेला एका जुन्या सोसायटीत महिना साडेचार हजारांवर छताखालची जागा मिळाली, मी वहीत ४२,००० च्या खाली ५४,००० लिहिले. बेरीज ९६,०००. अजूनही १८ लाखांच्या गाडीपेक्षा कमी, पण आता फरक पूर्वीइतका ऐटबाज नाही. फॉर्म २५ भरलाय. तपासणीची तारीख मिळालीय तेवीस डिसेंबरची, आणि त्याआधी मागच्या डाव्या दाराखालचा रुपयाएवढा गंज खरवडून काढायचाय. मेकॅनिक म्हणाला, शनिवारी या, उघडून बघू किती आत गेलाय.