भेळेची हुक्की आली की कडक भाकरी चुरा

संध्याकाळी सोलापूरच्या पार्क चौपाटीवरून जाताना भेळेपाशी पाय रेंगाळतातच. माझेही. पण घरी एकदा कडक भाकरीची भेळ करून बघा. ज्वारीची एक कडक भाकरी जाडसर चुरायची. त्यात कांदा, टोमॅटो, काकडी, वाफवलेली मोडाची मटकी आणि दोन चमचे शेंगा चटणी. चटणी उखळात कुटलेलीच घ्या. कुटताना दाण्यांचं तेल आपोआप सुटतं, वरून घालावं लागत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, पण कॅलरीही साडेपाचशेच्या वर, म्हणून चमचे दोनच! चटणीत मीठ असतं, वेगळं नको. तळलेल्या शेवेची आठवणही येत नाही. लिंबू मात्र खायला बसल्यावरच पिळा, नाहीतर भाकरी मऊ पडते.