नदी तापली की अणुवीज केंद्राचा तोटा कसा मांडायचा

मी मूळची परळीची. 2013 च्या दुष्काळात आमचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद पडलं, तेव्हापासून वीज म्हटली की मी आधी पाणी बघते. आता फ्रान्समधल्या तुलूजला राहते. गारोन नदी इथून खाली गोल्फेशच्या अणुवीज केंद्रापाशी जाते. उन्हाळ्यात त्याचा हिशोब मी वहीत मांडते, तो असा.

आधी नदीची मर्यादा लिहा. गोल्फेशच्या खालच्या अंगाला पाणी 28 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण त्यापुढे माशांना धोका वाढतो. या केंद्राला शीतकरण मनोरे आहेत, बरीचशी उष्णता त्यांतून हवेत जाते, म्हणून ते नदी फारशी तापवत नाही. पण नदी वरूनच तापून आली तर काय करणार? 2025 च्या जूनअखेर तिथली एक अणुभट्टी त्यामुळेच थांबवावी लागली.

मनोरे नसतील तर आणखी एक गणित करा. एक भाग वीज झाली की साधारण दोन भाग उष्णता पाण्यात जाते. 1300 मेगावॉटच्या भट्टीची 2600 मेगावॉट. सेकंदाला 500 घनमीटर वाहणारी नदी त्यानं सव्वा अंश तापते. प्रवाह निम्म्यावर आला की अडीच अंश.

आता पैसे. 1300 गुणिले 24, म्हणजे दिवसाला 31,200 मेगावॉट-तास बुडाले. भाव मेगावॉट-तासाला 60 युरो धरला तर 18 लाख 72 हजार युरो. मात्र दिवसभर एकच भाव लावू नका. दुपारी सौर वीज भरपूर असते, भाव पडलेला असतो. ऊन उतरलं तरी एसी चालूच, तेव्हा तो चढतो. तासांप्रमाणे दोन-तीन गट पाडा.

यातून बचत म्हणून फार वजा करू नका. कोळशाचं केंद्र थांबलं तर निदान कोळसा वाचतो. इथे युरेनियमचा खर्च थोडा. व्याज, पगार, देखभाल चालूच राहते.

ईडीएफ, म्हणजे फ्रान्सची सरकारी वीज कंपनी, सांगते की 2000 पासून नदीच्या उष्णतेमुळे आणि कमी प्रवाहामुळे वर्षाला सरासरी 0.3 टक्के उत्पादन बुडालं. आकडा खरा आहे, पण तो बहुतांश कडक उन्हाच्या मोजक्या आठवड्यांत पडतो. म्हणून वर्षाऐवजी आठवड्याचा हिशोब ठेवा.

2022 मध्ये पाच केंद्रांना जास्त गरम पाणी सोडायची तात्पुरती सवलत मिळाली. तोटा टळला, पण तो नदीवर ढकलला गेला. त्या पानावर मी ‘नदी’ असा वेगळा रकाना आखलाय. त्यात युरो नाहीत, फक्त सवलतीच्या तारखा आणि पाण्याचे अंश.