आई-बाबांचं एडीयू आणि उताराचं गणित
सॅन होजेला मागच्या अंगणात आई-बाबांसाठी एडीयू, म्हणजे मुख्य घराच्याच आवारातलं छोटं स्वतंत्र घर, बांधायला घेतलं. कॅलिफोर्नियाचा कायदा खरंच सोयीचा आहे: बाजूच्या आणि मागच्या हद्दीपासून ४ फूट सोडले की पुरे, ७५० चौरस फुटांच्या आत इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामाचा सार्वजनिक सोयींवर भार पडतो म्हणून घेतलं जाणारं शुल्क) नाही.

आमचं घोडं अडलं सांडपाण्याच्या पाइपवर. त्याला दर फुटाला पाव इंच उतार हवा. बाथरूम होतं मागच्या कोपऱ्यात, मुख्य लाइन ६० फुटांवर; म्हणजे १५ इंच उतार, त्यात अंगण मागे खोलगट. डिझायनर म्हणाला, जोतं उंच करा नाहीतर पंप बसवा. जोतं उंच केलं की पायऱ्या आल्या, आणि बाबांच्या गुडघ्यांना त्या नकोतच. पंप तर वीज गेली की बंद.

शेवटी आराखडाच फिरवला. बाथरूम आणि स्वयंपाकाचा ओटा मुख्य घराच्या बाजूला आणले, झोपायची खोली मागे लिंबाच्या झाडाकडे. अंतर निम्म्यावर आलं, उतार बसला, दाराला उंबरठासुद्धा लागला नाही. शॉवरची फरशीही सलग ठेवली, जाळीकडे हलकी उतरती. उद्या व्हीलचेअर लागली तरी थेट आत जाईल.

क्लीनआउटचं, म्हणजे सांडपाण्याची लाइन साफ करायला ठेवलेल्या तोंडाचं, झाकण उघडून लाइनची खोली टेपने मोजता येते. आराखड्याला हात घालण्याआधी तेवढं कराच.