मेसचा डबा आणि खोलीवरचं खाणं: या चुका टाळा

रत्नागिरी, दापोली, लोणेरे, सावंतवाडी इथे खोली घेऊन शिकणारी मुलं उपाशी नसतात. दोन्ही वेळा ताटभर भात जेवतात, तरी दुपारच्या तासाला डोळे मिटतात आणि जिना चढताना धाप लागते. अशा वेळी बहुतेकदा प्रथिनं आणि लोह कमी पडत असतं.

भात-आमटीवर भागवणं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या प्रमाणानुसार वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोला साधारण ४५ ग्रॅम. मेसच्या पातळ आमटीच्या वाटीत तीन-चार ग्रॅमही जेमतेम असतात. डाळ तळाला बसते, म्हणून वाढणाऱ्या काकूंना 'ढवळून तळातली घाला' असं सांगायला लाजू नका. दोन उकडलेल्या अंड्यांतून १२ ग्रॅम मिळतात, मूठभर शेंगदाण्यांतून सात.

घरून आलेली कुळथाची पिठी डब्यातच पडून राहणं. सगळ्यात वाईट वाटतं ते याचं. तीन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम पिठीत एका अंड्याइतकी प्रथिनं असतात, शिवाय लोहही. 'गुठळ्या होतात' म्हणून मुलं ती करायचं सोडून देतात. पीठ थेट गरम पाण्यात पडलं की वरचा थर लगेच शिजतो आणि आतलं कोरडंच राहतं. म्हणून पिठी आधी वाटीभर गार पाण्यात कालवा. लसूण-मिरचीच्या फोडणीत दोन वाट्या पाणी उकळा, मीठ-आमसूल टाका, मग कालवलेली पिठी ओतत ढवळत राहा. उकळी आल्यावर मंद आचेवर सहा-सात मिनिटं ठेवा, नाहीतर कच्चट वास राहतो. विजेच्या किटलीत मात्र करू नका: पीठ तळाला धरतं, करपतं, उतूही जातं. इंडक्शनवर लहान टोप ठेवा.

जेवणावर लगेच चहा. चहातली टॅनिन पालेभाजी-कडधान्यांतलं लोह अंगी लागू देत नाहीत. जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेवा आणि उसळीवर लिंबू पिळा, 'क' जीवनसत्त्वामुळे तेच लोह जास्त शोषलं जातं.

'नाचणीची' बिस्किटं. पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मैदा आणि साखर आधी आली, तर नाचणी नावापुरतीच. त्यापेक्षा सकाळी आंबील बरी, नाश्ता बुडत नाही.

जून-जुलैत मासे बंद, म्हणून सगळंच बंद. तेव्हा सुका जवळा कामी येतो. कोरडा भाजा, मग दोन पाण्यांतून काढा म्हणजे वाळू तळाला राहते आणि मीठही कमी होतं. पावसाळी हवेत घट्ट झाकणाच्या बरणीतच ठेवा. बुरशी दिसली किंवा नाकात झोंबणारा वास आला तर टाकून द्या. खारा बांगडा रोज नको, त्यात मीठ फार.

गोळ्या अर्ध्यावर सोडणं. थकवा जात नसेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा. मुलींमध्ये १२ आणि मुलग्यांमध्ये १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. शौचाला काळं झालं तर घाबरू नका, ते लोहामुळेच होतं. मळमळलं तर जेवणानंतर घ्या. आकडा सुधारला तरी शरीरातला साठा भरायला पुढे आणखी दोन-तीन महिने लागतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.