वाइन फ्रिजचा सिगार ह्युमिडॉर: कोल्हापूरच्या हवेत तो कसा जमवावा

सिगारमधली पाने हवेतली ओल सतत घेत आणि सोडत असतात. तापमान 18 ते 21 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 65 ते 69 टक्के यांच्या आसपास स्थिर राहिली, तर चांगली सिगार वर्षानुवर्षे टिकते आणि तिची चवही मुरत जाते. कोल्हापूरची हवा या मर्यादेत फार थोडे दिवस असते. मार्च-एप्रिलच्या दुपारी पारा 37-38 अंशांकडे सरकतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. जून सरता सरता चित्र पूर्ण पालटते आणि सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चामड्याच्या चपलांनाही बुरशी धरते. बाजारात मिळणारी लाकडी ह्युमिडॉर पेटी, म्हणजे सिगार योग्य ओलीत साठवण्याची पेटी, फक्त ओल पुरवू शकते. ती उष्णता कमी करू शकत नाही आणि पावसाळ्यातली जादा ओल बाहेर काढणेही तिच्या आवाक्यातले नाही. म्हणून आपल्याकडे वाइन फ्रिजचे रूपांतर करणे हा सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र परदेशी मार्गदर्शिकांमध्ये ओल कशी वाढवावी यावर जो भर असतो, तो इथे जसाच्या तसा चालत नाही. इथे आधी दार आणि तापमान सांभाळावे लागते, ओलीचा विचार त्यानंतर येतो.

फ्रिज निवडताना कॉम्प्रेसरचा न घेता थर्मोइलेक्ट्रिक प्रकारचा घ्यावा. फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ पेल्तिए यांनी 1834 मध्ये नोंदवलेल्या परिणामावर तो चालतो: दोन वेगळ्या वाहकांच्या जोडातून वीज गेली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते. कॉम्प्रेसरच्या फ्रिजमधली थंड पट्टी फार खाली उतरते आणि आतली ओल झपाट्याने ओढून घेते. थर्मोइलेक्ट्रिक फ्रिजमध्ये हे कमी प्रमाणात होते, पण होतेच. 20 अंश आणि 65 टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचे पाणी होऊ लागते तो बिंदू, साधारण 13 अंशांवर असतो. थंड पाण्याच्या तांब्याला जसा बाहेरून घाम येतो, तसेच 13 अंशांहून थंड झालेल्या पट्टीवर आतल्या हवेतले पाणी थेंबाथेंबाने जमते, पन्हाळीतून मागच्या नळीत उतरते आणि बाहेर जाते. फ्रिज जितका जोरात चालेल तितके सिगारचे पाणी कमी होईल. त्यामुळे त्याला शक्य तितके कमी चालावे लागेल अशी व्यवस्था करणे, हे या कामातले अर्ध्याहून अधिक काम आहे.

त्यासाठी जागा विचारपूर्वक ठरवावी. थर्मोइलेक्ट्रिक फ्रिज खोलीच्या तापमानापेक्षा साधारण 10 ते 15 अंश खाली जाऊ शकतो, त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत तो एप्रिलमध्ये दिवसभर धापा टाकत राहतो. तळमजल्यावरची, ऊन न येणारी खोली निवडावी आणि मागे किमान चार बोटे मोकळी जागा सोडावी, म्हणजे गरम हवा निघून जाईल. स्वयंपाकघर आणि देवघर दोन्ही टाळावीत, कारण तंबाखूचे पान वास फार लवकर धरते. उन्हाळ्यात घरी वर्षाची चटणी होते तेव्हा भाजलेल्या मिरचीचा, कांद्या-लसणाचा आणि मसाल्याचा वास घरभर पसरतो. त्या दोन-तीन दिवसांत ह्युमिडॉरचे दार उघडूच नये.

नव्या फ्रिजला प्लास्टिकचा वास असतो, जुन्याला आंबट वास असू शकतो. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून आतून सगळे पुसावे, दाराच्या रबरी पट्टीच्या खाचासुद्धा सोडू नयेत, आणि नंतर दार उघडे ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत वारा लागू द्यावा. सुगंधी फिनाईल किंवा लिक्विड साबण वापरू नये. दाराची पट्टी तपासण्यासाठी रात्री खोली अंधारी करून आत टॉर्च पेटता ठेवावा. जिथून प्रकाशाची रेघ दिसेल तिथून हवाही जाते, तेव्हा ती पट्टी बदलून घ्यावी.

मागच्या पाणी जाण्याच्या छिद्राबाबत अनेक जण ते सिलिकॉनने कायमचे बुजवा असे सांगतात. आपल्याकडे ते योग्य ठरत नाही, कारण फ्रिज चालू असताना जमलेले पाणी मग आतच साचते आणि खालच्या खणातल्या सिगारना बुरशी येते. त्यापेक्षा छिद्राला पारदर्शक नळीचा तुकडा जोडून तो इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवावा. त्या वाकणात पाणी उभे राहते, हवेची वाट बंद होते आणि जादा पाणी मात्र निघून जाते. मोरीच्या ट्रॅपचे तत्त्व हेच आहे. हिवाळ्यात फ्रिज बंद असताना ती नळी कोरडी पडते, तेव्हा छिद्राला रबरी बूच लावावे.

आता लाकडाकडे येऊ, कारण पैसे आणि मन दोन्ही इथे सर्वांत जास्त लागतात. ह्युमिडॉरचे पारंपरिक लाकूड म्हणजे स्पॅनिश सिडार, शास्त्रीय नाव सेड्रेला ओडोराटा. नावात सिडार असले तरी ते निंबाच्या कुळातले आहे. सुताराला नुसते सिडार सांगितले तर तो देवदार आणून देईल, आणि देवदाराच्या तेलाचा उग्र वास सिगारमध्ये कायमचा बसेल. सागवानही तेलकट असल्याने टाळावे. प्लायवुड आणि एमडीएफ त्यांतल्या रसायनांमुळे अजिबात नकोत. आयात केलेले स्पॅनिश सिडार परवडत नसेल तर तूण, म्हणजेच टून नावाने विकले जाणारे लाकूड हा चांगला देशी पर्याय आहे. ते त्याच कुळातले आहे, पूर्वी त्याची गणना सेड्रेलातच होत असे, आणि सिगारच्या पेट्यांसाठी ते वापरले गेले आहे. सुताराकडे जाण्याआधी लाकडाच्या वखारीत फळीचा एक कोपरा रंध्याने तासून घ्यावा आणि वास घेऊन पाहावा: सौम्य, किंचित गोडसर वास हवा, डोळ्यांत जाणारा नको.

खण 8 ते 10 मिलिमीटर जाडीच्या फळीचे करावेत. तळ अखंड न ठेवता पट्ट्यांचा करावा आणि दोन पट्ट्यांत करंगळी जाईल एवढी फट ठेवावी, म्हणजे हवा खालून वर खेळते. सांधे खाचा पाडून बसवावेत. फेव्हिकॉल लागलाच तर जेमतेम, आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय खण आत घालू नयेत. पॉलिश, वॉर्निश किंवा तेल यांपैकी काहीही लावू नये. खणाची मागची बाजू थंड पट्टीपासून तीन सेंटीमीटर तरी लांब राहिली पाहिजे, नाहीतर तिथले लाकूड काळे पडते.

नवे लाकूड आधी मुरवावे लागते, आणि तेही ऋतू पाहूनच. उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात खण केले असतील तर ते कोरडे असतात आणि सिगारचीच ओल पितात. अशा वेळी वाटीभर डिस्टिल्ड वॉटर आत ठेवून दार दोन आठवडे बंद ठेवावे. लाकूड ओल्या फडक्याने पुसू नये, त्याने फळी वाकते. याउलट जुलै-ऑगस्टमध्ये केलेले लाकूड मुळातच ओलीने भरलेले असते. त्याला पाणी दाखवण्याची गरज नाही. फ्रिज चालू करून आर्द्रता 70 च्या खाली येईपर्यंत ते उलट सुकवावे.

आर्द्रता मोजण्यासाठी दोन डिजिटल हायग्रोमीटर घ्यावेत, एक वरच्या खणात आणि एक खालच्या. विश्वास ठेवण्यापूर्वी दोन्ही मिठाने तपासावेत. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यात ओल्या वाळूइतके घट्ट होईल एवढेच पाण्याचे थेंब टाकावेत, आणि ते झाकण मीटरसह झिपच्या पिशवीत बंद करून दिवसभर एका जागी ठेवावे. पिशवीतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. मीटर 71 दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यात 4 मिळवावेत आणि तसा कागद त्याला चिकटवावा.

ओलीचे नियमन दुहेरी पाकिटांनी, म्हणजे गरजेप्रमाणे ओल देणाऱ्या आणि शोषणाऱ्याही पाकिटांनी करावे. 65 किंवा 69 टक्क्यांची, 60 ग्रॅमची पाकिटे मिळतात आणि साधारण 25 सिगारमागे एक पुरते. मी 65 टक्क्यांचीच सुचवीन, कारण आपल्या पावसाळ्यात चुकण्याचा धोका ओलीच्याच बाजूने असतो. बुटांच्या खोक्यात येणारी साधी सिलिका पुडी हा पर्याय नाही, ती सिगार चुरा होईपर्यंत कोरडी करते. आत 12 व्होल्टचा छोटा संगणकाचा पंखा टायमरवर लावून तासातून काही मिनिटे फिरवावा, नाहीतर वरच्या आणि खालच्या आकड्यांत मोठे अंतर पडते.

बऱ्याच वाइन फ्रिजचे तापमान 18 अंशांच्या वर लावता येत नाही. तेव्हा बाहेरून थर्मोस्टॅट जोडून 20 अंशांवर ठेवावे आणि दोन अंशांचा फरक द्यावा, म्हणजे फ्रिज सारखा चालू-बंद होणार नाही. हा थर्मोस्टॅट फ्रिजची वीजच तोडतो आणि जोडतो, म्हणून वीज गेल्यावर आधी लावलेले तापमान लक्षात ठेवणारा फ्रिजच यासाठी चालतो. हे दुकानातच प्लग काढून, पुन्हा लावून पाहून घ्यावे.

पावसाळ्यात 25 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू 23 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे आतल्या तापमानाहूनही वर. दार उघडताच ती हवा आत शिरते आणि थंड लाकडावर ओल सोडते. आठवड्याला लागतील तेवढ्या सिगार एका वेळी काढून वेगळ्या घट्ट डब्यात ठेवाव्यात. डिसेंबर-जानेवारीत तळमजल्याची खोली मुळात थंड असते, तेव्हा फ्रिज बंद करून फक्त पाकिटांवर सोडावा. उन्हाळ्यात मात्र तो बंद पडता कामा नये. तंबाखूतल्या किड्याची अंडी 24-25 अंशांच्या वर उबू लागतात, आणि पानावर टाचणीएवढी गोल भोके दिसू लागली की त्या खणातले काहीच वाचत नाही. म्हणून नव्या सिगार दुहेरी झिप पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये तीन दिवस, मग एक दिवस साध्या फ्रिजमध्ये आणि त्यानंतर खोलीत ठेवाव्यात. पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये.

सुरुवातीला एकाच खणात थोड्या सिगार ठेवून दोन आठवडे आकडे पाहावेत. सिगार बोटांनी हलके दाबल्यावर किंचित दबून पुन्हा वर आली तर ठीक. करकर आवाज आला तर कोरडी आणि स्पंजासारखी लागली तर ओली समजावी. पाकिटे कडक झाली की बदलावीत. पावसाळ्यात फुगलेली पाकिटे फेकू नयेत, घट्ट बरणीत जपून ठेवावीत, ती मार्चमध्ये पुन्हा उपयोगी पडतात.